घाटात वाढलेलं पेट्रोल

उन्हाळ्याचे दिवस, संभाजीनगरला मावसभावाचा साखरपुडा उरकून आम्ही केजला परत निघालो होतो. अण्णा, म्हणजे माझे वडील, पुढं माझ्या शेजारी, आई मागं पिशव्यांच्या गराड्यात. बीड मागं पडलं, पालीच्या अलीकडं दिवस मावळला म्हणून लाईट लावले, आणि मांजरसुंब्याचा घाट लागला तसा टेंपरेचरचा काटा मधनं उठून हळूहळू 'एच'कडं, म्हणजे गरमकडं सरकायला लागला. जुनी तीन सिलिंडरची कार्ब्युरेटरवाली गाडी, बाहेर अजून गरम वाऱ्याच्या झळा, गाडीत चार माणसांचं वजन होईल एवढं सामान, त्यामुळं गरम झाली असंल असंच वाटणार. काटा लाल पट्ट्याला टेकला तसं गाडी बाजूला घेतली, बॉनेट उघडलं. आता इंजिन उकळलं की एक वास येतो, गोडसर, कुलंटचा, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचा, तो ज्याला माहिती आहे त्याला माहिती आहे. तो वास नव्हता. सूं सूं आवाज नव्हता. बाटलीतलं पाणी शांत होतं, फॅन फिरून बंद पण झाला होता. अण्णांनी पाइपाजवळ हात नेऊन बघितला आणि म्हणाले, "रोज असतं तेवढंच गरम आहे." परत आत येऊन बसलो, चावी फिरवली, काटा परत वर. मी त्याच्याकडंच बघत होतो पण अण्णा दुसऱ्या काट्याकडं बघत होते.

"पेट्रोल कसं काय वाढलं रे?"

खरंच वाढलं होतं. गेवराईला टाकून पाव टाकीच्या जरा वर होतं ते आता अर्ध्याच्या पुढं दाखवत होतं. लाईट बंद केले, मिनिटभरात दोन्ही काटे सावकाश खाली आले. लाईट लावले, दोन्ही वर. म्हणजे गाडी तापली नव्हती आणि पेट्रोलही वाढलं नव्हतं, हे तिथंच घाटात कळलं. तरी नेकनूरपासून केजपर्यंत माझी नजर त्या लाल पट्ट्यावरनं हटंना. अंधारात लाईट तर लावावेच लागणार, त्यामुळं काटा टेकलेलाच, आणि तो खोटं सांगतोय हे माहीत असूनही पाठीला घाम. अण्णा मात्र घोरत होते. हेच मला नंतर कितीतरी दिवस डाचत राहिलं. एकदा खोटं कळल्यावर एक माणूस झोपू शकतो आणि दुसऱ्याच्या मनातला धाक जात नाही, असं का?

अण्णांचं आयुष्य मोजपट्ट्या वाचण्यात गेलं. पाटबंधाऱ्यात कालवा निरीक्षक होते, बरीच नोकरी माजलगावच्या कालव्यावर. मी लहानपणी सुट्टीत त्यांच्यासोबत जायचो, स्कूटरवर पुढं उभा राहून. कालव्याच्या भिंतीला पांढऱ्या रंगाची पट्टी, तिच्यावर काळे आकडे. बाकीचे लोक वरनंच बघून आकडा लिहायचे, अण्णा चपला काढून उताराच्या पायऱ्यांनी खाली जायचे, खिशातलं फडकं काढून पट्टीवरचं शेवाळ आणि गाळ पुसायचे, मग लाट बसेपर्यंत थांबायचे आणि मग वाचायचे. शेवाळाला एक ओला हिरवट वास असतो, तो त्यांच्या फडक्याला कायम. आई ते फडकं बाकीच्या धुण्यात घेत नसे. मला कंटाळा यायचा, ऊन लागायचं, आणि मी विचारायचो की एवढ्या बोटभर फरकानं काय होतंय. ते म्हणायचे की शेवटच्या चारीवरच्या माणसाचं पाणी याच बोटभरात असतं.

आणि गंमत म्हणजे ज्या स्कूटरवर आम्ही जायचो तिला पेट्रोलचा काटाच नव्हता. सीट उचलायची, टाकीचं झाकण उघडायचं, स्कूटर दोन्ही हातांनी डावी उजवीकडं हलवायची आणि आतलं पेट्रोल कसं वाजतंय ते ऐकायचं. भरपूर असलं की जड डुबुक आवाज, थोडं असलं की पत्र्यावर सपसप. खाली रिझर्व्हची चावी. चालता चालता इंजिन खोकलं की अण्णा न बघता पाय बाजूला घेऊन चावी फिरवायचे, स्कूटर एक गचका खाऊन परत पळायची. तेव्हा कुणाला ते अवघड वाटत नव्हतं. डोळ्यापेक्षा कानाला जास्त काम होतं, एवढंच.

मग ही गाडी आली, सेकंड हँड, पांढरी. तिच्यात काटे होते. चावी फिरवली की पेट्रोलचा काटा झटकन उठत नाही, आळस दिल्यासारखा सावकाश वर येतो, आणि मला लहानपणी ते बघायला फार आवडायचं. जुन्या गाड्यांच्या मीटरमधे काट्याला दोन धातूंची पट्टी आणि तिच्याभोवती तार असते, करंट गेला की पट्टी तापते, वाकते, काटा ढकलते. तापायला वेळ लागतो म्हणून काटा सावकाश. त्याचा फायदा असा की खड्ड्यात टाकीतलं पेट्रोल हिंदकळलं तरी काटा नाचत नाही, आणि आमच्या रस्त्यांना असाच काटा पाहिजे. अण्णांनी मात्र पहिल्या दिवसापासून डायरी ठेवली. तारीख, किलोमीटर, लिटर, भाव. काटा असताना कशाला लिहिता म्हणलं तर म्हणायचे, "काट्याला तपासायला दुसरं काहीतरी लागतंय की."

घाटातल्या प्रकारानंतर आम्ही बीडच्या गॅरेज लाईनीतल्या चाचांकडं गेलो. चाचा म्हणजे फक्त वायरिंगचं काम करणारे, इंजिनाला हात लावत नाहीत. पत्र्याच्या टपरीत बल्बचे खोके, जळालेल्या कॉइली, भिंतीला रंगीबेरंगी वायरींचे झुबके टांगलेले, आणि सोल्डरच्या धुराचा राळेसारखा वास. त्यांच्याआधी एका ठिकाणी दाखवलं होतं. तिथं सरळ सांगितलं की टेंपरेचरचा सेन्सर गेलाय, टाकीतला पेट्रोल मोजणारा फ्लोट गेलाय, मीटरही बदला, जुनी गाडी आहे चालायचंच. तीन वस्तू एकाच संध्याकाळी, लाईटचं बटण दाबल्यावर खराब होतात आणि बटण बंद केलं की परत चांगल्या होतात, हे कसं, असं अण्णांनी विचारलं. त्यावर उत्तर आलं नाही म्हणून आम्ही उठलो.

चाचांनी आधी सगळं ऐकून घेतलं. लाईट लावल्यावर दोन्ही वर जातात, एकदमच जातात ना, खाली पण एकदमच येतात ना. मग म्हणाले, "दोन काटे एकदम बिघडत नसतात अण्णा. दोघांच्या मधी जे एकच आहे ते बघायचं. पहले अर्थिंग देख, फिर बाकी सब." अर्थिंग म्हणजे करंट बॅटरीच्या मायनसला परत जायची वाट, गाडीत ती पत्र्याच्या बॉडीतनंच असते. बॅटरीवर मीटर लावला, बंद गाडीत १२.४ व्होल्ट, चालू केली तर १४.१. म्हणजे बॅटरी ठीक, डायनामो चार्जिंग करतोय. मग एक टोक बॅटरीच्या मायनसला आणि दुसरं डॅशबोर्डच्या मागं मीटरची काळी वायर जिथं येते तिथं. दोन्ही मायनसच, त्यामुळं आकडा शून्याच्या जवळ पाहिजे, फार तर एकदोन दशांश. लाईट बंद असताना जवळपास तसाच होता. लाईट लावले आणि आकडा ३ व्होल्टच्या वर गेला. चाचांनी मान हलवली. मग एक लांब वायर घेतली, तिचं एक टोक बॅटरीच्या मायनसला आणि दुसरं मीटरच्या त्या काळ्या वायरला नुसतं धरलं. आम्ही तिघं त्या काट्यांकडं बघत उभे. लाईट चालू, आणि दोन्ही काटे सावकाश, त्यांच्या सवयीनं, आपापल्या जागेवर खाली येऊन थांबले.

पार्ट एकही बदलला नव्हता.

झालं होतं असं. पुढच्या काचेचं रबर वाळून चिरलेलं, पावसाचं पाणी कधीतरी आत झिरपलेलं, आणि जिथं ती काळी वायर बॉडीला स्क्रूनं कसलेली तिथं तिच्या टोकाच्या धातूच्या थिंबलला हिरवा पांढरा थर चढलेला. वायर तुटली नव्हती, चिकटून होती, पण करंटला मधे अडवत होती. थोडा करंट असंल तर फारसं काही कळायचं नाही. लाईट लावले की मीटरमधले सगळे छोटे बल्ब पेटतात, त्यांचा करंट त्याच वाटेनं परत जाणार, वाट अडलेली, म्हणून मीटरचं मायनसच तीन व्होल्ट वर उचललं जायचं. आता काट्यांना बॅटरीचं व्होल्टेज थेट देत नाहीत, कारण ते १२ पासून १४ पर्यंत खालीवर होतं आणि त्याच्यासोबत काटेही खालीवर झाले असते. म्हणून मीटरच्या आत अजून एक पट्टी असते, ती तापली की करंट तोडते, गार झाली की जोडते, आणि असं तोडत जोडत दोन्ही काट्यांना कमी पण एकसारखं व्होल्टेज देते. पण ते एकसारखं कशापासून? तिच्या स्वतःच्या मायनसपासून. ते मायनसच तीन व्होल्ट वर गेलं तर काट्यांना तेवढं जास्त मिळणार, कारण सेन्सर आणि फ्लोट तर तिकडं इंजिनाच्या आणि टाकीच्या चांगल्या अर्थिंगवर बसलेले. टाकीत पाव असलं तरी काटा अर्ध्याच्या पुढं. इंजिन ठीक असलं तरी काटा लाल.

मी हे दोनदा विचारून समजून घेतलं. अण्णांना एकदाच लागलं. ते म्हणाले, "म्हणजे कालव्यातलं पाणी तेवढंच, पट्टीच खाली सरकली." चाचा हसले आणि म्हणाले, "बस, वही."

पॉलिश पेपरनं बॉडी चकचकीत घासली, थिंबल नवीन दाबलं, दातेरी वायसर घातला, वरनं ग्रीस. मग चाचांनी आपण होऊन बाकीची अर्थिंगं पण बघितली, इंजिनाची जाळीची पट्टी, बॅटरीची टर्मिनलं. टर्मिनलवरची पांढरी पावडर गरम पाण्यानं धुतली. बॅटरीत बोअरचं पाणी घातलंय का म्हणून आईला विचारलं, कारण आमच्याकडं ते सर्रास चालतं, आणि आपल्या बोअरच्या पाण्यानं भांड्याला कसा थर बसतो ते इथं सगळ्यांनाच माहीत आहे. त्या पाण्यातले क्षार बॅटरीच्या प्लेटांना खातात. डिस्टिल्डच घाला म्हणाले. सीटखाली एक जुना जॉइंट टेपसकट कुरतडलेला सापडला. सोयाबीन निघालं की रानातले उंदीर गाड्यांमधे येतात, दरवर्षी त्या दिवसात त्यांच्याकडं रांग असते म्हणाले.

चाचांनी एक गोष्ट सांगितली ती मला फार महत्त्वाची वाटते. टेंपरेचरचा सेन्सर असा असतो की गरम होईल तसा त्याचा अडथळा कमी होतो, करंट वाढतो, काटा वर जातो. त्याची वायर तुटली तर करंटच नाही, काटा खाली 'सी'वर, म्हणजे थंडवर पडून राहतो आणि ड्रायव्हरला वाटतं इंजिन एकदम थंड आहे. पाणी सगळं गळून गेलं तर अजून वाईट, सेन्सर पाण्यात नसतो, कोरड्यात असतो, आणि इंजिन जळत असताना पण काटा नीट चढत नाही. त्यांच्याकडं येणाऱ्यात जास्त नुकसान अशाच गाड्यांचं होतं. उगाच घाबरवणारा काटा माणसाला निदान थांबवतो, बॉनेट तरी उघडायला लावतो. उगाच धीर देणारा काटा इंजिनाचं हेड गॅसकेट जाईपर्यंत काही बोलत नाही. म्हणून जुनी गाडी वापरणाऱ्यांनी चावी फिरवल्यावर काटा नेहमीच्या वेळेत नेहमीच्या जागी आला का, ते रोज बघावं. आलाच नाही तर थंड आहे म्हणून खूश होऊ नये.

अर्थिंग झालं, तरी पेट्रोलचा काटा पूर्ण शहाणा झाला नव्हता. पावच्या खाली आला की तो कधी पडायचा, कधी उठायचा, कधी मेल्यासारखा. हे दुखणं जुनं होतं, आम्ही त्याला सरावलो होतो. चाचा म्हणाले टाकीतला फ्लोट काढून बघू. टाकी मोकळी केली, आजूबाजूच्या सगळ्यांना लांब जायला सांगितलं, बिडीवाल्याला तर ओरडून. फ्लोट बाहेर आला. एका दांडीला तरंगणारा डबा, दांडी फिरली की एक छोटं बोट बारीक तारेच्या गुंडाळीवर सरकतं, आणि कुठं टेकलंय त्यावरनं काट्याला कळतं किती आहे. चाचांनी तो उन्हात धरला. गुंडाळीचा वरचा भाग, म्हणजे टाकी भरलेली असताना जिथं बोट टेकणार तो, नव्यासारखा चमकत होता. खालचा भाग घासून घासून काळा झालेला, एका ठिकाणी तार झिजून तुटायला आलेली.

ते बघून मी गप्प झालो. टाकी २८ लिटरची, आणि ती आम्ही कधी भरलीच नव्हती. दोनशेचं टाका, तीनशेचं टाका, पगार झाल्यावर पाचशेचं. माझ्या शिक्षणाची वर्षं, बहिणीचं लग्न, आजीचं दवाखान्याचं येणंजाणं, हे सगळं त्या टाकीच्या खालच्या पाव भागात झालं. ते छोटं बोट इतकी वर्षं तिथंच मागंपुढं सरकत राहिलं आणि तिथलीच तार झिजवून बसलं. ज्यांची टाकी नेहमी भरलेली असते त्यांचा काटा वरच्या बाजूला झिजत असंल, आणि तिथं तो चुकला तर त्यांचं काय अडतंय? आमचा काटा बरोबर तिथंच आंधळा झाला जिथं आम्हाला एकेक लिटर माहीत असायला पाहिजे होतं. मला त्या वेळी अण्णांच्या डायरीचा अर्थ लागला, ती हौस नव्हती.

हे फक्त गाडीचं नाही असं मला वाटत राहतं. इथल्या माणसाचं किती काय कुठल्या ना कुठल्या काट्यावर असतं. महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर भरले तर अतिवृष्टी, आणि आपल्या रानात बांध फुटला पण यंत्र असलेल्या गावावरनं ढग बाजूनं गेला तर नाही. धरणाच्या टक्क्यांचं पण तसंच. पेपरात "धरण शून्यावर" आलं की अण्णा चिडायचे. माजलगावात शून्य टक्के म्हणजे उपयुक्त साठा, ३१२ दलघमी (दशलक्ष घनमीटर), तो संपला, पण खाली १४२ दलघमी मृतसाठा असतो, म्हणजे कालव्याच्या दारांच्या खालचं पाणी. जायकवाडीला तर शून्याखाली २६ टीएमसी (अब्ज घनफूट). लोक शून्य वाचून खचतात, किंवा मृतसाठा आहे म्हणून निवांत राहतात, दोन्ही वाईट, असं त्यांचं म्हणणं. २०१६ ला आमच्याच तालुक्यातलं धनेगावचं मांजरा धरण असं आटलं की शून्याखालचंही काही राहिलं नाही, आणि त्याच धरणाचं पाणी पिणाऱ्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. त्या उन्हाळ्यात अण्णा एकदा मला धनेगावला घेऊन गेले होते, भेगाळलेल्या गाळातनं चालत. पाण्याच्या खाली कायम असणारे पट्टीवरचे आकडे उघडे पडलेले, त्यांनी ते हात लावून बघितले. निवृत्तीनंतरही त्यांना ते सहन झालं नव्हतं हे चेहऱ्यावर दिसत होतं, आणि मला काय बोलावं सुचलं नाही.

फ्लोटचं काम चाचांनी नवीन पार्टशिवायच केलं. ते छोटं बोट पकडीनं अगदी किंचित वाकवलं, आता ते झिजलेल्या जागेच्या बाजूनं, न वापरलेल्या तारेवरनं सरकतं. झाकणाचं पॅकिंग मात्र नवीन टाकलं, पेट्रोलच्या बाबतीत काटकसर नको म्हणाले. निघताना किती झाले विचारलं तर जी रक्कम सांगितली ती ऐकून मला वाईट वाटलं. अर्धा दिवस तो माणूस डॅशबोर्डखाली उलटा झोपून होता, मान वाकडी करून, तोंडात टॉर्च धरून. म्हणलं एवढेच? तर म्हणाले, लोक पार्टाचे पैसे देतात, शोधायचे देत नाहीत, काय टाकलं विचारतात, काहीच टाकलं नाही म्हणलं की घासाघीस करतात. त्यांचा मुलगा आता नव्या गाड्यांचं काम बघतो, स्कॅनर लावला की कोड येतो. ते ज्ञान पण पाहिजेच, त्याला नावं ठेवायचं कारण नाही. पण स्कॅनर पण एका सेन्सरचंच ऐकतो, आणि तो सेन्सर कशावर उभा आहे हे तपासायला शेवटी कुणीतरी खाली वाकावंच लागतं. चाचांनी सांगितलेल्या रकमेच्या दुप्पट पैसे अण्णांनी मोजून त्यांच्या हातात ठेवले. चाचा नको नको म्हणत होते, अण्णांनी त्यांची मूठ बंद केली. जुन्या गाड्या वापरणाऱ्यांनी हे शोधायचे पैसे द्यायला शिकलं पाहिजे, नाहीतर अशी माणसं राहणार नाहीत आणि मग तीन चांगल्या वस्तू फेकून तीन नव्या घ्यायच्या, आणि दोष तसाच.

घरी आल्यावर अण्णा स्वस्थ बसणार नव्हतेच. काटा बरोबर झाला हे कशावरनं? पंपावरनं डब्यात पेट्रोल आणलं, मापानं एकेक लिटर टाकत गेलो, प्रत्येक वेळी काटा बसेपर्यंत थांबायचं, लाट बसेपर्यंत थांबायचे तसंच, आणि मग मीटरच्या काचेवर पट्टी धरून ते वाचायचे आणि मी डायरीत लिहायचो. इ च्या रेघेला काटा आला तेव्हा टाकीत चार लिटर होतं. त्यांनी डायरी माझ्या हातातनं घेतली आणि त्या ओळीपुढं स्वतःच्या अक्षरात "मृतसाठा" असं लिहिलं. आता टेंपरेचरच्या काट्याचं पण करायचं म्हणतात, सेन्सर काढून पातेल्यात पाणी तापवत ठेवायचा आणि किती डिग्रीला किती ओहम अडथळा ते लिहायचं. थर्मामीटर मागवलाय. आईनं पातेलं द्यायला नाही म्हणलंय, त्यामुळं ते काम सध्या अडलंय.